समज आणि दंडक: दहा आठवड्यांची वही

‘माझ्याच्यानं सकाळी उठवत नाही’ आणि ‘उद्यापासून रोज पाचला उठायचंच’ ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाच्या तोंडी असतात, पुष्कळदा एकाच रात्री. पहिलं वाक्य म्हणजे स्वतःबद्दलचा समज. दुसरं म्हणजे स्वतःला घालून घेतलेला दंडक. या दोहोंत किती अंतर आहे त्यावर उत्साह टिकतो की विझतो हे ठरतं. अंतर मुळीच नसेल तर उठून काही करावंसं वाटत नाही. फार असेल तर दोन-तीनदा धडपडून माणूस नाद सोडतो आणि पहिलं वाक्य आणखी पक्कं होतं. ‘नव्याचे नऊ दिवस’ म्हणून आपण ज्यावर हसतो, त्यात आळसाचा दोष थोडा आणि अंतर चुकीचं आखल्याचा जास्त.

पुढची रीत दहा आठवड्यांची आहे. सामान साधंच: शंभर पानी वही, पेन, शिवणकामाची टेप आणि घरात कोणी चाळिशी ओलांडली असेल तर दंडावर पट्टा बांधून रक्तदाब मोजायचं यंत्र. ॲप नको असं नाही, पण ॲप दंडक आपल्या वतीनं आधीच ठरवून ठेवतं. वहीत तो आपल्याला हातानं लिहावा लागतो, आणि लिहिताना तो कोणाचा आहे हे दिसतं.

पहिला आठवडा: नुसतं टिपायचं

सात दिवस काहीही बदलायचं नाही. डाव्या पानावर ‘मी असा’, ‘मी अशी’ ही वाक्यं. उजव्या पानावर ‘पाहिजे’ची. मनात आलं तसंच लिहा. इंदूरकराच्या मनात ते बऱ्याचदा हिंदीत येतं: ‘अपने से नहीं होगा भिया.’ तेच लिहा. शुद्ध मराठीत उतरवलंत की त्याचं सभ्य वाक्य होतं आणि डंख निघून जातो. वाक्यं पकडायच्या जागा ठरलेल्या आहेत: आरसा, वजनकाटा, पगाराचा दिवस, नातेवाइकांचा फोन ठेवल्यानंतरची दोन मिनिटं आणि एखादं काम उद्यावर ढकलतानाचा क्षण. दिवसाला तीन मिळाली तरी आठवड्यात वीसेक होतात. तेवढी पुरेत.

समजा, सुदामा नगरात राहणाऱ्या, खासगी नोकरीतल्या ४६ वर्षांच्या एका गृहस्थांची ही वही आहे. डावीकडे: ‘आमच्या घरात सगळ्यांचंच पोट सुटतं.’ ‘मी पहिल्यापासून आळशी.’ ‘चार लोकांत बोलायचं म्हटलं की माझं त-त-प-प होतं.’ ‘आपलं मराठी हिंदाळलेलं.’ उजवीकडे: ‘दहा किलो कमी झालंच पाहिजे.’ ‘पाचला उठलं पाहिजे.’ ‘मुलीच्या अभ्यासाला रोज बसलं पाहिजे.’ ‘पुण्याच्या भावासारखा मोठा फ्लॅट हवा.’ हीच वही पुढे वापरू.

रविवारी संध्याकाळी डाव्या पानावरच्या प्रत्येक वाक्याखाली एक अपवाद शोधून लिहायचा. ‘मी पहिल्यापासून आळशी’ म्हणणारे हे गृहस्थ तीन वर्षं मुलीला सकाळी ६.५० च्या शाळेच्या बसवर सोडत आले आहेत, आणि बस एकदाही चुकलेली नाही. म्हणजे आळस सरसकट नाही. ज्या कामाला वेळ बांधलेली आहे आणि वाट पाहणारं कोणी आहे, तिथं तो नाही. ही माहिती पुढे फार कामाची ठरणार आहे. अपवाद सापडत नसेल तर ‘पहिल्यापासून’, ‘नेहमी’, ‘सगळ्यांचंच’ असे शब्द खोडून वाक्य पुन्हा वाचा, हमखास सापडतो.

दंडक कोणाचा?

उजव्या पानाला जास्त वेळ द्या. खरी गाठ तिथं आहे.

प्रत्येक ‘पाहिजे’ पुढे दोन खुणा करायच्या. पहिली खूण: हे पुरं झालं नाही तर कसं वाटतं? मन खाली बसतं, हिरमुसतं, तर ‘ख’, म्हणजे खिन्न. जीव टांगणीला लागतो, अपराधी वाटतं, कोणी विचारेल या भीतीनं पोटात गोळा येतो, तर ‘ध’, म्हणजे धास्ती. ही विभागणी मानसशास्त्रज्ञ टोरी हिगिन्स यांनी १९८७ साली मांडलेल्या विचारावर आधारलेली आहे. आपण आहोत तसे आणि आपल्याला व्हावंसं वाटतं तसे, यांतली दरी उदास करते. आपण आहोत तसे आणि असायलाच हवेत तसे, यांतली दरी अस्वस्थ करते. दोन्हींवर उपाय वेगळा. ‘ख’च्या दंडकाला लहान पायऱ्या लागतात, म्हणजे लवकर काहीतरी हाती लागेल. ‘ध’च्या दंडकामागे बहुधा एक माणूस उभा असतो आणि आधी त्या माणसाशी हिशेब मिटवावा लागतो.

म्हणून दुसरी खूण मालकाची. हे पहिल्यांदा कोण म्हणालं? आई, वडील, साहेब, डॉक्टर, शेजारी, की मी? इंदूरच्या मराठी घरांत एक मालक वारंवार निघतो: पुण्या-मुंबईचा नातेवाईक. तिकडचा पगार, तिकडची शाळा, तिकडची भाषा. तिकडच्या मापानं इकडचं आयुष्य मोजलं की ते आखूडच भरणार. फ्लॅटचं वाक्य गृहस्थांच्या वहीत याच वाटेनं आलं. त्यांनी ते खोडलं नाही तरी चालेल, पण पुढे भावाचं नाव लिहून ठेवावं.

काही दंडकांचा मालक तर बाजारच असतो. दिवसाला १०,००० पावलांचंच घ्या. १९६० च्या दशकात जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं. त्याचं नाव होतं ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. आकडा गोल होता, कानाला बरा वाटला आणि जगभर दंडक होऊन बसला. रोज चार हजार चालणारा माणूस सहा हजारांवर गेला तर त्याला फायदा नक्की होतो, पण घड्याळ त्याला रात्री नापासच दाखवतं.

जे दंडक आपल्या मर्जीचे नाहीत

तब्येतीचे काही आकडे मात्र वाटाघाटीचे नाहीत, आणि इथं चूक उलटी होते. दंडक फार कडक नसतो. समजच फार गोड असतो. ‘मी ठणठणीत आहे’ म्हणणारा मोजतच नाही. वाढलेला रक्तदाब बहुतेकांना जाणवत नाही, म्हणून ‘मला तर काही होत नाही’ हा त्याबाबतीत पुरावाच नव्हे.

कंबर मोजताना ताठ उभे राहा, श्वास सहज सोडा आणि शेवटची बरगडी व कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप फिरवा. पॅंटचा नंबर म्हणजे कंबर नव्हे. पॅंट पोटाखाली सरकते आणि नंबर वर्षानुवर्षं तोच राहतो. भारतीयांसाठी पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागून येणारा आकडा, आपल्याकडे २३ पासूनच जास्त मानतात, २५ पासून नव्हे. आपल्या बांध्यात कमी वजनालाही पोटाभोवती चरबी साठते आणि मधुमेह लवकर गाठतो.

रक्तदाब मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू नको. लघवीला जाऊन या. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून गप्प बसा. दंड हृदयाच्या पातळीला, पट्टा उघड्या दंडावर, शर्टाच्या बाहीवर नाही. एका मिनिटाच्या अंतरानं दोन वेळा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. घरी काही दिवस सतत १३५/८५ च्या वर येत असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. तिथं पुढचा दंडक ते घालतील. तो वहीत ‘ड’ खुणेनं वेगळा ठेवा आणि त्यावर आपलं डोकं चालवू नका.

दोन रेघा ओढायच्या

आता कामाचा भाग. उरलेल्या दंडकांतून दोनच निवडा. तिसरा घेतलात की एक ना धड, भाराभर चिंध्या. निवडलेला दंडक फळाचा असेल तर कामाचा करून घ्या. ‘दहा किलो कमी’ हे फळ. ते झोपेवर, मिठावर, वयावर, औषधांवर अवलंबून आहे. ‘आठवड्यात इतके दिवस इतकी मिनिटं चालणं’ हे काम, आणि ते आपल्या पायांवर अवलंबून आहे.

प्रत्येक कामाला दोन रेघा. खालची रेघ म्हणजे सर्वांत वाईट दिवशीही होईल एवढं. वरची म्हणजे चांगल्या दिवशीचं. माणसं एकच रेघ ओढतात आणि तीही उत्साहाच्या भरात वरची, घोटाळा तिथंच होतो.

खालची रेघ अंदाजानं ओढू नका. मागचे चार आठवडे आठवा आणि हे काम प्रत्यक्षात किती दिवस झालं ते मोजा. गृहस्थ आठवड्यातून दोन दिवस, वीस-वीस मिनिटं चालत होते, म्हणजे ४० मिनिटं. खालची रेघ: तीन दिवस, वीस मिनिटं. वरची: जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी सांगते ती, आठवड्याला किमान १५० मिनिटं बऱ्यापैकी वेगानं चालणं. बऱ्यापैकी वेग म्हणजे बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही. खालची रेघ दर आठवड्याला वीस-पंचवीस मिनिटांनी वर सरकवली तर ६०, ८०, १००, १२५ करत साधारण पाचव्या-सहाव्या आठवड्यात ती वरच्या रेघेला भिडते. पहिल्याच सोमवारी मेघदूत उपवनाला पाऊण तास फेऱ्या मारून गुडघे धरून बसण्यापेक्षा हे बरं.

‘जमेल तितकं करू’ हा दंडक नव्हे. नेमकं आणि थोडं अवघड ध्येय ‘जमेल तितकं’पेक्षा जास्त काम करून घेतं, हे एडविन लॉक आणि गॅरी लॅथम यांच्या अनेक वर्षांच्या अभ्यासातून पक्कं झालं आहे. पण त्याला अट आहे: काम आधीपासून येत असलं पाहिजे. नवीनच शिकत असाल तर आकड्याचं ध्येय अंगाशी येतं. भंवरकुआँला राज्यसेवेच्या तयारीसाठी खोली घेऊन राहणाऱ्या मुलांचा ‘चौदा तास’ हा दंडक असाच. तास मोजले की पुस्तक उघडं ठेवून बसणंही अभ्यासात धरलं जातं. पहिले तीन महिने मोजायचं ते वेगळं: रोज एका घटकाचे वीस प्रश्न पुस्तक मिटून सोडवले का, आणि चुकलेल्यांतले किती पुढच्या रविवारी बरोबर आले. झोपेची खालची रेघ सात तास. ती कापून मिळवलेले दोन तास दुसऱ्या दिवशी डुलक्यांत जातात.

‘की’चं वाक्य

दंडक ठरला तरी वेळ आली की आठवत नाही. पीटर गोल्विट्झर यांनी यावर सुचवलेला उपाय अगदी साधा आहे: ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ असं वाक्य आधी बांधून ठेवायचं. ‘अमुक’ हा डोळ्यांना दिसणारा प्रसंग हवा. ‘वेळ मिळाला की’ चालत नाही, कारण वेळ मिळाला हे कोणी येऊन सांगत नाही. गृहस्थांचं वाक्य: ‘मुलीची बस वळणावरून दिसेनाशी झाली की मी घराकडे न वळता बागेच्या दिशेनं चालायला लागेन.’ पहिल्या आठवड्यात सापडलेला अपवाद इथं खुंटीसारखा वापरला. पाचला उठायची गरजच राहिली नाही.

खाण्यापिण्यात वाक्य नकाराचं नको. इंदूरचा सराफा रात्री खाऊबाजार होतो. ‘सराफ्यात जलेबा खाणार नाही’ म्हटलं की रात्री अकराला डोळ्यांसमोर जलेबाच. त्याऐवजी: ‘सराफ्यात पोहोचलो की आधी हात मागे बांधून एक पूर्ण फेरी मारीन, मग दोनच गोष्टी घेईन.’ थंडीत त्यात गराडू, म्हणजे तळलेला कंद, आला तर एकच दुसरी. सकाळच्या पोह्यांचंही तसंच. वाफेवरच्या इंदुरी पोह्यांना तेल कमीच लागतं. भर पडते ती वरच्या शेवेची आणि शेजारच्या जलेबीची. ‘द्रोणात पोहे पडले की शेव अर्धी आणि जिरावन मसाला जास्त सांगीन’ एवढं वाक्य पुरतं. पोहे सोडा असं सांगणारा सल्ला इंदुरात आठवडाभरही टिकायचा नाही.

मोडलं तर

मोडणारच. कधी, हेही साधारण ठाऊक असतं: लग्नसराई, गणपती, रंगपंचमीची गेर म्हणजे रंगांची मिरवणूक, परीक्षेचा निकाल, आजारपण. मोडण्यानं नुकसान थोडंच होतं. ‘आता मोडलंच आहे तर’ या विचारानं जास्त होतं. पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांचा १९७५ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. खाण्यावर सतत बंधन ठेवणाऱ्यांना आधी मिल्कशेक पाजला, मग आइस्क्रीम पुढे ठेवलं. मिल्कशेक प्यायलेल्यांनी न प्यायलेल्यांपेक्षा जास्त आइस्क्रीम खाल्लं. पोट भरलेलं असताना, कारण दिवसाचा दंडक त्यांच्या लेखी आधीच बुडाला होता. रविवारी सकाळी छप्पन दुकान या खाऊगल्लीत जलेबी झाली म्हणून रात्री सराफाही होतो, त्याचं गणित हेच.

वहीच्या मलपृष्ठावर तीन ओळी आधीच लिहून ठेवा. पुन्हा सुरुवात पुढच्या घासापासून, पुढच्या सोमवारपासून नाही. सलग दोनदा चुकवायचं नाही. चुकलेल्या दिवसाची भरपाई करायची नाही. तिसरी ओळ लोकांना पटत नाही, पण भरपाईचे दुप्पट तास म्हणजे पुन्हा एक अशक्य दंडक. लंडनमध्ये फिलिपा लाली आणि सहकाऱ्यांनी सवयी कशा लागतात ते मोजलं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात काम अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कोणाला १८ पुरले, काहींच्या बाबतीत हिशेब २५४ पर्यंत गेला, आणि मधला एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही. ‘एकवीस दिवसांत सवय’ हे वचन म्हणूनच सोडून द्यावं. बाविसाव्या दिवशी जड गेलं की माणूस स्वतःलाच दोषी धरतो.

चुकल्यावर स्वतःला झोडपणं हे कडक शिस्तीचं लक्षण समजलं जातं. उलट दिसतं. जुलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांच्या २०१२ च्या प्रयोगांत, चाचणीत कमी पडल्यावर ज्यांना स्वतःकडे मायेनं पाहायला सांगितलं, ते पुढच्या चाचणीसाठी इतरांपेक्षा जास्त वेळ अभ्यासाला बसले. वहीपुरती रीत अशी: तीच चूक धाकट्या भावानं केली असती तर त्याला काय म्हटलं असतं, ते वाक्य लिहायचं. बहुधा त्यात रागही असतो आणि पुढची वाटही.

समज पुराव्यानं बदलतो

आरशासमोर उभं राहून ‘मी यशस्वी आहे’ म्हणायचा सल्ला सगळीकडे मिळतो. जोआन वुड यांच्या २००९ च्या अभ्यासात, स्वतःबद्दल आधीच वाईट मत असलेल्यांना अशा घोकंपट्टीनं आणखी वाईट वाटलं. मन लगेच उलटतपासणी घेतं. म्हणून तिसऱ्या आठवड्यापासून रोज रात्री डाव्या पानावर एक ओळ पुराव्याची: काय केलं, किती, आणि कशाच्या विरोधात. ‘२२ मिनिटं चाललो, पाऊस भुरभुरत होता.’ विशेषण नको, क्रियापद हवं.

ॲल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ साली, ‘मला हे जमेल’ हा भरवसा चार वाटांनी येतो असं मांडलं: स्वतः करून, आपल्यासारख्याला करताना पाहून, विश्वासाच्या माणसानं सांगितल्यानं आणि शरीराच्या खुणांचा अर्थ कसा लावतो त्यावरून. पहिली वाट सर्वांत भक्कम. चारही कशा वापरायच्या ते गृहस्थांच्या चार लोकांत बोलण्यावर पाहू. गणेशोत्सवात मंडळाचा आभारप्रदर्शनाचा भाग त्यांच्याकडे आला आहे. आठ आठवडे आधी: घरच्या जेवणात उभं राहून एक मिनिट. सहा आठवडे आधी: सोसायटीच्या बैठकीत दोन वाक्यं. चार आठवडे आधी: मंडळाच्या तयारीच्या सभेत हिशेब वाचून दाखवणं. पाहायचं ते कसलेल्या वक्त्याला नव्हे. गेल्या वर्षी अडखळत सुरू करून नीट संपवणाऱ्या शेजाऱ्याला. सांगणारी बायको किंवा मित्र असा, की जो ‘छान झालं’ न म्हणता ‘तिसरं वाक्य घाईत गेलं, बाकी ऐकू आलं’ म्हणेल. आणि हात थरथरले, छाती धडधडली की अंग तयारीला लागलं आहे असं वाचायचं; कागदाऐवजी जाड पुठ्ठा धरला तर थरथर दिसतही नाही. राहिलं हिंदाळलेलं मराठी. सभेतले सगळे तेच बोलतात.

वयाबद्दलचा समजही याच खात्यातला. बेक्का लेव्ही यांनी २००२ साली ओहायोतल्या पन्नाशी ओलांडलेल्या ६६० लोकांच्या नोंदी तपासल्या. आपल्या म्हातारपणाकडे चांगल्या नजरेनं पाहणारे सरासरी साडेसात वर्षं जास्त जगल्याचं दिसलं. नुसत्या नजरेनं आयुष्य वाढतं असं यातून सिद्ध होत नाही, पण ‘आता या वयात कशाला’ म्हणणारा फिरायला, दातांना, डोळ्यांना दाखवायला जात नाही, एवढं तरी घरोघरी दिसतंच. इंदूरला तर हे सांगायला लांब जायला नको. होळकर संघाला रणजी करंडक जिंकून देणारे सी. के. नायडू वयाच्या ६१ व्या वर्षी रणजी सामन्यात फलंदाजीला उतरले होते.

रविवारची वीस मिनिटं

आठवड्याचा हिशेब एकदाच. वजनही आठवड्यातून एकदाच, त्याच वारी, सकाळी काही खाण्याआधी. रोजच्या रोज पाण्या-मिठानं किलो-दीड किलो इकडेतिकडे होतं आणि उगाच मन खाली-वर होतं. खालची रेघ तो आठवडा पूर्ण पाळली तरच वर सरकवा. दोन आठवडे सलग निम्म्याहून कमी दिवस पाळली गेली तर ती उंच ओढली गेली आहे. खाली आणा आणि तारीख घाला. एका रविवारी एकच रेघ हलवायची. नवऱ्याची रेघ बायकोनं किंवा मुलांची आई-वडिलांनी ओढायची नाही. विचारलं तर वही धरून बसावं, पेन धरू नये.

एक गोष्ट वहीनं होणार नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज मन उदास, कशातच रस नाही, झोप आणि भूक बिघडलेली, किंवा जगणं नकोसं वाटतं आहे, तर तो दंडकाचा किंवा आळसाचा प्रश्न नाही. वही बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास आणि विनामूल्य चालतो. खाणं मोजण्याचा ध्यास लागून जेवण टाळलं जाऊ लागलं तरी वही थांबवायची आणि दाखवायचं.

दहाव्या रविवारी पहिल्या आठवड्याची पानं उघडा. डाव्या बाजूला जी वाक्यं आता खोटी ठरली त्यांच्यावर आडवी रेघ मारा आणि समासात त्या पुराव्याची तारीख लिहा. गृहस्थांच्या वहीत ‘पहिल्यापासून आळशी’ आणि ‘त-त-प-प’ यांवर रेघ येईल; ‘सगळ्यांचंच पोट सुटतं’ तसंच राहील, फक्त शेजारी कंबरेचे दहा आकडे असतील. उजवीकडे भावाचं नाव लिहिलेली फ्लॅटची ओळ नव्या वहीत उतरवायची की नाही, हे त्या दिवशी ठरवायचं.